तुम्ही विचारलंत म्हणून: वटवाघूळ राहू द्यायचं आणि मावा मारायचा, असं का?

ठाण्यात सोसायट्यांमधल्या गच्चीवरच्या बागांबद्दल बोलायला गेले की हा प्रश्न हमखास येतो. जास्वंदीवरच्या माव्यावर, म्हणजे कोंबांचा रस शोषणाऱ्या बारीक किडीवर, साबणाचं पाणी मारा म्हणता, मग आवारातल्या उंबरावर येणारी वटवाघळं का हाकलू नयेत? जीव तर दोन्ही आहेत ना?

आहेत. पण गेलेल्या जिवाची जागा भरून यायला किती काळ लागतो, हे मी आधी पाहते.

जास्वंद-भेंडीवर हमखास येणारा मावा म्हणजे कपाशीवरचाच मावा, जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा. आपल्या उष्ण हवेत त्याच्या माद्यांना नर लागतच नाही. त्या अंडी न घालता थेट पिल्लं देतात, आणि जन्मणाऱ्या पिल्लाच्या पोटात पुढची पिढी आधीच वाढायला लागलेली असते. आजी, आई आणि नात एवढ्याशा देहात! आठवडाभरात ते पिल्लूही विऊ लागतं. कोंबावर दाटी झाली की पुढच्यांना पंख फुटतात आणि ती शेजारच्या कुंडीवर जातात. मला याचं अजूनही नवल वाटतं. शंभर मारलेत तरी पानामागे सुटलेली एक मादी पुरते.

उंबरावर येणारं मोठं फळखाऊ वटवाघूळही पिल्लालाच जन्म देतं, पण वर्षाला एकच, तेही जवळपास पाच महिने पोटात वाढवून. सुरुवातीचे काही आठवडे मादी त्याला छातीशी घेऊनच उडते. सव्वा मीटर पंखांचा हा प्राणी रात्रभर उंबर, वड, जांभळं खात फिरतो आणि बिया दूरवर टाकतो. वटवाघळांच्या वसाहतीचं एक झाड तोडलं, तर ती तूट भरायला वर्षं जातात. 1972 च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळं उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती. 2022 च्या दुरुस्तीत ती यादीच रद्द झाली, याचा मला मनापासून आनंद आहे.

वटवाघळांमुळे पसरू शकणाऱ्या निपाह विषाणूची भीती वाटते त्यांच्यासाठी: त्यांनी उष्टावलेली फळं खाऊ नका, पडलेल्या वटवाघळाला उघड्या हाताने उचलू नका.

आणि माव्यावर फवारण्याआधी पानं उलटून बघा. काळसर, नारिंगी ठिपक्यांची ढालकिड्याची (लेडीबर्डची) अळी दिसली, तर फवारा ठेवून द्या, मावा ती खाईल. फक्त खोडावरून चढणारी मुंग्यांची रांग तोडा. माव्याच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्या अळीला हुसकावतात.