सीमारेषेवरचा कर्णधार

१० जुलै २०१६ रोजी पॅरिसजवळ झालेला पोर्तुगाल-फ्रान्स हा युरो फुटबॉल चषकाचा अंतिम सामना मला आजही आठवतो, तो मैदानाबाहेर जे घडले त्यामुळे. २५व्या मिनिटाला जखमी रोनाल्डोला रडत बाहेर जावे लागले आणि कर्णधाराची पट्टी सहकारी नानीच्या दंडावर आली. पण जादा वेळेत तोच रोनाल्डो लंगडत सीमारेषेशी येऊन, पोर्तुगालचे प्रशिक्षक फर्नांडो सांतोस यांच्या शेजारी उभा राहून, सहकाऱ्यांना ओरडून सूचना देत होता. सांतोस यांनी त्याला अडवले नाही, हा मला त्यांचा मोठेपणा वाटतो. स्वतःचे काम मात्र त्यांनी सोडले नव्हते: ७९व्या मिनिटाला बदली खेळाडू एडरला मैदानात उतरवण्याचा निर्णय त्यांचाच होता आणि १०९व्या मिनिटाला फ्रान्सविरुद्धचा एकमेव गोल एडरनेच केला.