सायलेन्सर न काढता गाडीला खर्ज आणला, त्याची हकिगत

माझी गाडी चार सिलिंडरची, पेट्रोलवरची आणि बरीच जुनी आहे. इंजिन ठणठणीत, पण आवाज अगदी मिळमिळीत. चालवताना इंजिन ऐकू यावं, गिअर कधी बदलायचा ते कानाला कळावं, ही माझी पहिल्यापासूनची हौस. तयार एक्झॉस्ट सिस्टीम (इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची पूर्ण जोडणी) घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून थोडक्यात आणि स्वतःच्या हाताने काय जमतं ते बघायचं ठरवलं. त्यात दोन महिने गेले. मधल्या दोन गोष्टी करायला नको होत्या, त्याही इथे लिहितो.

आधी हा आवाज येतो कुठून, ते नीट समजून घेतलं. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की दाबाखालचा वायू धक्क्याने बाहेर पडतो. फोर स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर इंजिनच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, म्हणजे चार सिलिंडरचे प्रत्येक फेरीत दोन धक्के. ३००० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला ३००० फेऱ्या असताना, सेकंदाला ५० फेऱ्या, म्हणून १०० धक्के, अर्थात १०० हर्ट्झ. हा झाला खर्ज. त्याच्यावर बारीक, कर्कश सुरांचा थर असतो. मॅनिफोल्डमधून (सगळ्या सिलिंडरचा धूर एकत्र करणाऱ्या नळ्यांमधून) निघालेला वायू कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा), मग रेझोनेटर, मग सायलेन्सर असा जातो. रेझोनेटर ठरावीक सूर कापतो, सायलेन्सर एकूणच आवाज दाबतो. मला खर्ज मोकळा करायचा होता आणि कर्कशपणा दाबलेलाच ठेवायचा होता. सुरुवातीला हे इतकं स्पष्ट कळलेलं नव्हतं, म्हणून वाट चुकलो.

पहिलं केलं ते सगळ्यात सोपं, टेलपाइपवर, म्हणजे धुराच्या नळीच्या शेवटच्या टोकावर, मोठ्या तोंडाचा टिप बसवला. दिसायला छान, आवाजात जेमतेम फरक. दिसण्यासाठी हवा असेल तर जरूर लावा, आवाजासाठी नको.

दुसरं मात्र मनापासून सुचवेन. बऱ्याच गाड्यांत एअर फिल्टरकडे जाणाऱ्या नळीला प्लास्टिकची एक पोकळ डबी जोडलेली असते. हवा आत ओढताना होणारा आवाज ती गिळते. माझ्या गाडीत ती दोन बोल्ट आणि एका क्लिपवर होती. काढली, तिच्या जागेचं भोक घट्ट बुचाने बंद केलं, फिल्टर जागच्या जागी ठेवला. आता अॅक्सिलरेटर दाबला की पुढून एक भरदार घोगरा हुंकार आत येतो. बाहेरच्या माणसाला काही कळत नाही, आणि परत लावायला दहा मिनिटं पुरतात. फक्त हवा घेणाऱ्या नळीचं तोंड खाली येऊ देऊ नका. साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी ओढलं गेलं तर इंजिनच बसतं.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण बाहेरूनही आवाज हवा होता, आणि सायलेन्सरला भोकं पाडण्याचा सल्ला तर सगळीकडे मिळतो. माझ्याकडे एक जुना काढलेला सायलेन्सर पडून होता. त्याला खालून ६ मिलिमीटरची तीन भोकं पाडली आणि तो गाडीला लावला. आवाज वाढला, पण फाटका. भोंग्याला चीर गेल्यासारखी फुरफुर. कारण सरळ आहे. वायू आतल्या कप्प्यांतून पूर्ण फिरण्याआधीच निसटतो आणि नेमके कर्कश सूर बाहेर पडतात. शिवाय पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, ती थंड सायलेन्सरमध्ये पाणी होऊन साचते, आणि उघड्या पत्र्याच्या कडांना गंज लगेच धरतो.

पण ते सोडा. त्याच संध्याकाळी डिकी उघडली तर आत धुराचा वास. तो वास आला आणि माझ्या पोटात गोळा आला. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, आणि गाडीखाली सुटलेला धूर डिकीच्या जुन्या रबरातून आत येऊ शकतो. धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला स्वतःला रंग नाही, वास नाही. आधी डोकं दुखतं, गुंगी येते, आणि काय होतंय ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मागच्या सीटवर घरची लहान मुलं बसतात. रात्रीच तो सायलेन्सर उतरवला. भोकं पाडू नका, हे मी हात जोडून सांगतो.

मग सायलेन्सरच्या जागी सरळ पाइप. पहिली पाच मिनिटं अंगावर रोमांच आले, हे खरं सांगतो. हायवेवर मात्र २३०० आरपीएमच्या आसपास गाडीचं सगळं पोट घुमायला लागलं. धक्के सेकंदाला साधारण ७७, आणि बंद केबिन अशा खोल सुराला नेमकी साथ देते. दोन तासांनी उतरलो तेव्हा कानात गूं चालू होतं. त्यात पहाटे थंड इंजिन सुरू झालं की आरपीएम चढलेला असतो. शेजारच्या आजी चौथ्या दिवशी शांतपणे म्हणाल्या, "बाळा, तुझी गाडी सुरू झाली की मी दचकून उठते रे. मग झोप लागत नाही." मला फार वाईट वाटलं. त्याच दिवशी मूळ सायलेन्सर परत लावला.

शेवटी जमलं ते रेझोनेटरने. म्हणजे सायलेन्सर आणि कन्व्हर्टर जसेच्या तसे ठेवून मधला रेझोनेटर काढायचा आणि तिथे त्याच व्यासाचा सरळ पाइप घालायचा. कन्व्हर्टरला मी कुठल्याच टप्प्यावर हात लावला नाही. तो धुरातले विषारी वायू बरेच कमी करतो, तो काढणं अनेक देशांत बेकायदा आहे, आणि त्याच्या मागचा सेन्सर इंजिनचा दिवा पेटवतो. इंजिन आणि कन्व्हर्टर यांच्या मध्ये साधी फटसुद्धा नको. दोन धक्क्यांच्या मध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, ऑक्सिजन सेन्सरला मिश्रणात पेट्रोल कमी आहे असं वाटतं आणि इंजिन उगाच जास्त पेट्रोल ओततं.

गाडी रात्रभर थंड होऊ दिली. सकाळी सपाट जागी हँडब्रेक, चाकांना अडकण, आणि गाडी चार स्टँडवर. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका, अर्ध्या मिनिटासाठीसुद्धा नाही. व्हर्नियरने (व्यास मोजायच्या मापकाने) पाइपचा बाहेरचा व्यास मोजला आणि तेवढाच, दोन्ही टोकं फुलवलेला पाइप आणला, म्हणजे जुना पाइप त्यात सरकून बसतो. मग कागदाची पट्टी पाइपभोवती गुंडाळली आणि तिच्या कडा जुळवून रेघ मारली. ही युक्ती छोटी वाटते, पण हातकरवत तिरकी गेली की जोड कधीच बसत नाही. रेघ रेझोनेटरला चिकटून नाही मारली, दोन्ही बाजूंना बोटभर पाइप त्याच्याकडेच राहू दिला, म्हणजे पुढे तो परत जोडता येईल. दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाने बाणही काढले.

करवतीने कापायला पाऊण तास लागला. गंजाची पूड डोळ्यांत पडते, चष्मा लावाच. कापलेल्या कडा कानशीने आतून-बाहेरून घासल्या. पाइप ज्या रबरांवर लटकतो ती सुटेनात, तेव्हा साबणाचं पाणी लावलं आणि ती अलगद निसटली. नवा पाइप दोन्हीकडे चार-चार सेंटिमीटर चढवला आणि पट्टीचे क्लॅम्प आधी नुसते ढिले अडकवले. सगळं लटकवून झाल्यावर पाइप गाडीच्या तळाला, हीट शील्डला (उष्णता अडवणाऱ्या पत्र्याला) कुठे टेकत नाही ना ते बघितलं. तापला की पाइप लांबतो आणि इंजिन हलतं, म्हणून बोटभर जागा हवीच. मगच क्लॅम्प आवळले.

इंजिन सुरू केलं, जोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं. पुढच्या जोडावर बारीक बुडबुडे आले. इंजिन बंद करून क्लॅम्प अर्धा इंच मागे सरकवला, परत आवळला, बुडबुडे थांबले. गाडी एकदा चांगली तापवून, थंड करून पुन्हा एकदा आवळणं मात्र विसरू नका.

आणि आवाज! थांबलेल्या गाडीत जवळजवळ पहिल्यासारखाच. अडीच हजारांच्या वर गेलं की खालून एक गोल, भरीव सूर उघडतो, त्याला चिरकेपणा अजिबात नाही. फोन टेलपाइपपासून अर्धा मीटर, ४५ अंशांच्या कोनात धरून, आधी आणि नंतर ठरावीक आरपीएमला मोजलं. चार डेसिबलचा फरक. १० डेसिबल वाढले की कानाला साधारण दुप्पट वाटतं, म्हणजे ही वाढ बेताचीच आहे. मला हवी होती ती एवढीच. तुमच्याकडच्या नियमात किती डेसिबल बसतात ते करवत हातात घेण्याआधीच बघून घ्या.

२३०० ला थोडं घुमणं मात्र उरलंच होतं. त्यावर उपाय म्हणजे मुख्य पाइपला फुटलेली, पुढे बंद असलेली एक फांदी. त्रासदायक सुराच्या तरंगलांबीच्या चौथ्या भागाएवढी तिची लांबी ठेवली की आत गेलेली लाट उलटी होऊन परत येते आणि तोच सूर मारते. तापलेल्या वायूत आवाज सेकंदाला सुमारे ४३५ मीटर जातो असं धरून १.४ मीटर आलं. वेल्डिंग मला येत नाही, तेवढं काम वेल्डर काकांनी केलं. फांदी पाइपला समांतर, गाडीच्या कडेने मागे नेली. घुमणं पूर्ण गेलं नाही, पण आता त्याच वेगाला शेजारच्या सीटवरचा माणूस आवाज न चढवता बोलतो.

काढलेला रेझोनेटर कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवलाय, बाणांसकट, दोन क्लॅम्प त्यालाच बांधून. तपासणीच्या वेळी लागला तर अर्ध्या तासात जागेवर बसेल.