रविवारी सकाळी सीना हरला

14 डिसेंबर 2025, रविवार

जॉन सीना हरला. डब्ल्यूडब्ल्यूई, म्हणजे पूर्वीची डब्ल्यूडब्ल्यूएफ, या अमेरिकी व्यावसायिक कुस्तीच्या कंपनीतला माझा पैलवान. वॉशिंग्टनला शनिवारची रात्र होती, आपल्याकडे रविवारची सकाळ. गुंथरनं मागून गळा आवळला आणि जन्मभर 'नेव्हर गिव्ह अप' लिहिलेले टी-शर्ट घालून फिरलेल्या माणसानं हसत हसत हात आपटून हार मानली. शेवटचा सामना. बूट आणि मनगटपट्टे रिंगमध्ये काढून ठेवले आणि निघून गेला. प्रेक्षक भडकले, कंपनीत निकाल ठरवणाऱ्या ट्रिपल एचच्या नावानं ओरडत राहिले.

माझे डोळे भरून आले ते नेमके सासूबाईंनी पाहिले.

"कोण गेलं गं?"

"कोणी नाही, आई. एक जण रिटायर झाला."

"ओळखीतले?"

हो म्हटलं. लहानपणापासूनच्या नाहीत, पण कॉलेजपासूनच्या ओळखीतले. 2002 पासून त्याला बघतेय, म्हणजे लग्नाच्या आधीपासून.

नवरा समजूतदार आहे. चेष्टा करत नाही. पण त्याचे मित्र येणार असले की टीव्ही बंद करून ठेवतो. समोर क्रिकेट असतं तर आवाज वाढवला असता. सीनानं सहाशेपन्नासच्या वर आजारी मुलांच्या इच्छा पूर्ण केल्या आहेत, हे त्याला मी दोनदा तरी सांगितलं असेल. कौतुकानं सांगितलं असं वाटायचं मला, पण तो जामिनाचा अर्ज होता. बघा, माणूस भला आहे, तेव्हा मी त्याला बघते ते चालवून घ्या.

15 डिसेंबर, सोमवार

ऑफिसात आज सगळा मेस्सी. आमच्या विभागातले दोघं काल वानखेडेवर जाऊन आले. तिकिटाचे आकडे ऐकून मी डबा झाकला. मेस्सी सामना खेळला नाही. मैदानात फिरला, हात हलवला, सचिननं त्याला जर्सी दिली. हे दोघं फोनवरचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवत होते आणि सगळे भारावून बघत होते. चांगलं आहे. मीही बघितला.

मग कोणीतरी विचारलं, तू काय केलंस रविवारी? सांगून टाकलं. दोन सेकंद शांतता, आणि मग ठरलेलं वाक्य. "पण ते खोटं असतं ना?"

किती हळुवारपणे विचारतात! घरातल्या पोराला देवाघरी गेलेल्या माणसाबद्दल सांगावं तसं. माझा भ्रमनिरास होऊ नये ही काळजी. अहो, ही बातमी खुद्द कंपनीनंच 1989 साली फोडली आहे. न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे कंपनीचा तेव्हाचा मालक मॅकमहन याच्या लोकांनी सांगितलं की ही स्पर्धा नाही, करमणूक आहे. कारण साधं होतं, खेळ म्हणून नोंद झाली की क्रीडा आयोगाची देखरेख आणि कर मागे लागतात. म्हणजे गुपित फुटलं ते पैसे वाचवायला. आम्हा बघणाऱ्यांना त्याचं कधीच काही वाटलं नाही.

निकाल ठरलेला असतो. जमीन ठरलेली नसते. रिंग म्हणजे लोखंडी तुळया, त्यावर फळ्या, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. पडताना हनुवटी छातीला चिकटवायची, पाठ सपाट टेकवायची, हातानं जमीन झोडायची, म्हणजे मार पसरतो. पण तो पसरतो, नाहीसा होत नाही. छातीवर चापट बसली की वळ उठतात, ते मेकअपचे नसतात. 28 जून 1998 ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरनं मिक फोलीला 16 फुटी पिंजऱ्याच्या छतावरून खाली टेबलावर फेकलं. हे ठरलेलं होतं. तो पुन्हा वर चढला आणि मग छताची जाळीच निसटली, ते ठरलेलं नव्हतं. दात तुटून नाकात गेला. त्यानं सामना पुरा केला.

यातलं काहीही मी डब्याच्या वेळी बोलले नाही. "हो, खोटंच असतं," म्हटलं आणि लोणचं पुढे केलं.

20 डिसेंबर, शनिवार

आप्पांचा फोन. ते सांगलीकडचे, तरुणपणी तालमीत राहिलेले. ऑफिसातल्यांचं हसणं मी परतवू शकते, आप्पांचं नाही, कारण त्यांना कुस्ती कळते.

"अगं, पाठीला माती लागली की संपली कुस्ती. ही मानसं दहादा पडत्यात न् दहादा उटत्यात. ह्यात काय बघायचं?"

लहानपणी दादा आणि मी बघायला बसलो की आप्पा दारात उभे राहून हेच म्हणायचे. दादा मोठा झाला, त्यानं सोडलं. त्याच्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचा डबा माझ्याकडे आला. वजन विचारलं की अवजड योकोझुनाचा पत्ता ज्याच्याकडे त्याचीच चैन. मुलानं हे पत्ते खेळले तर वयच तसं. मुलीनं खेळले तर "हिला बाहुल्या नाहीत का?" पुढे चाळिशीत आलेल्या बाईनं तेच बघितलं, तर तिला काय म्हणायचं हे लोकांना अजून ठरवता आलेलं नाही.

पण याच आप्पांना दारासिंग विचारा. आमचे थोरले काका गिरणीत होते, त्यांनी वरळीला दारासिंगची फ्रीस्टाईल तिकीट काढून पाहिलेली. ती कथा घरात अजून पूजेसारखी सांगितली जाते. 1968 साली मुंबईत दारासिंगनं लू थेझला हरवलं. हा थेझ अमेरिकेतल्या याच व्यावसायिक कुस्तीचा अनेकदा जगज्जेता राहिलेला. म्हटलं, आप्पा, तुमचा दारासिंग आणि माझा सीना एकाच घराण्यातले. त्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "दारासिंगाचं अंग बघितलंईस का कदी?" विषय संपला.

21 डिसेंबर, रविवार

झोप लागेना म्हणून लिहिते.

मी कारखान्याच्या पगारपत्रकांचं काम करते. पीएफ, ईएसआय, कोण कायम, कोण कंत्राटी, दिवसभर हेच. आणि माझ्या आवडत्या कंपनीत हे सगळे पैलवान कागदोपत्री 'स्वतंत्र कंत्राटदार' आहेत. त्यांना युनियन नाही. वर्षभर कंपनी सांगेल तिथं जायचं, कंपनी सांगेल तसं हरायचं, आणि तरी नोकर नाही. आमच्याकडे एखाद्या ठेकेदारानं असं दाखवलं तर मी फाइल परत पाठवते.

ओवेन हार्ट 23 मे 1999 ला कॅन्सस सिटीत छतावरून दोरानं खाली येताना पडून गेला. कार्यक्रम थांबवला नाही, पुढचे सामने झाले. 2007 च्या जूनमध्ये क्रिस बेन्वानं बायकोला आणि सात वर्षांच्या मुलाला मारलं आणि मग स्वतःला संपवलं. त्याच्या मेंदूच्या तपासणीत डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या माराच्या खुणा सापडल्या. बेन्वा माझा आवडता होता. कठड्यावरून डोकं पुढे करून उडी मारायचा, आणि मी टाळ्या वाजवायचे. एकेकाळी बायकांचे सामने म्हणजे एकमेकींचे कपडे फाडणं असायचं. तेव्हा आप्पा खोलीत आले की दादा चॅनेल बदलायचा आणि मी जमिनीकडे बघत बसायचे. 2019 ला रेसलमेनियाचा, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या कार्यक्रमाचा, शेवटचा मानाचा सामना बायकांचा झाला, तो मी एकटीनं, दार लावून बघितला.

लाज वाटावी असं यात पुष्कळ आहे. तेवढं सोडून लोक मला फक्त निकाल ठरलेला असतो का एवढंच विचारतात.

येत्या जानेवारीत रॉयल रम्बल, कंपनीचा दरवर्षीचा आणखी एक मोठा कार्यक्रम, सौदीत, रियाधला आहे. 2018 ला तिकडे जेद्दाहला मोठा कार्यक्रम झाला तेव्हा एकाही बाईला रिंगमध्ये उतरता आलं नव्हतं. पुढच्या वर्षी दोघी उतरल्या, अंगभर कपडे घालून. सौदीचा पैसा मोठा, म्हणून कंपनी जाते, आणि कंपनी जाते म्हणून मीही बघते. या वेळीही बघणार आहे. त्यावरून कोणी नावं ठेवली तर वाद घालणार नाही. पण एवढं तपशिलात जाऊन नावं ठेवणारं ऑफिसात कोणी असेल असं वाटत नाही.