गच्चीवरची सौर पन्हळ

राजस्थानात नोख इथे 2013 पासून 50 मेगावॉटचा सौर-औष्णिक वीजप्रकल्प आहे. अन्वस्ताकार (पॅराबोलाच्या आकाराच्या) आरशांच्या लांबच लांब पन्हळींत तेल तापवतात, त्या उष्णतेवर वाफ करून टर्बाइन फिरवतात. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी आम्ही तीच रचना सोलापुरात, कॉलेजच्या गच्चीवर उभारली. आमची पन्हळ 1 मीटर रुंद आणि 2 मीटर लांब.

आरशावरून परतलेले किरण जिथे एकवटतात ती नाभी; तळापासून तिचं अंतर, म्हणजे नाभीय अंतर, 25 सेमी धरलं. मग मध्यापासून जेवढे सेंटिमीटर बाजूला, त्याचा वर्ग भागिले 100 एवढी वक्राची उंची. 50 सेमीवर ती 25 येते, म्हणजे नाभी नेमकी दोन्ही कडांच्या पातळीत. सुतळी ताणली की पाइपची जागा कळते! प्लायच्या सगळ्या फासळ्या एकत्र क्लॅम्प करून घासा, नाहीतर वरचा चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा पीळ खातो. नाभीरेषेवर काळा मॅट रंग दिलेला 28 मिमीचा तांब्याचा पाइप, त्यात तेलाऐवजी पाणी, आणि वाऱ्याने तो गार होऊ नये म्हणून त्यावर काचेची नळी.

पन्हळ उत्तर-दक्षिण ठेवली. सूर्य दर 4 मिनिटांना 1 अंश सरकतो, त्यामुळे हाताने फिरवायची तर सतत जवळ थांबावं लागतं. चौकटीवर काटकोनात एक खिळा ठोकला होता. त्याची सावली डावी-उजवीकडे पडली नाही की पन्हळ सूर्याच्या रोखाने आहे.

सगळ्यात शिकवलं ते जानेवारीच्या उन्हाने. भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे परावर्तित किरण उत्तरेकडे सरकून पाइपवर पडतात. मधल्या किरणांचं हे सरकणं सुमारे 20 सेमी, कडेच्या किरणांचं त्याच्या दुप्पट. दक्षिण टोकाचा पाइप उपाशी राहतो आणि उत्तरेला प्रकाश पन्हळीबाहेर निसटतो. आम्ही पाइप उत्तरेकडे वाढवला. लांबलचक प्रकल्पात हे नुकसान किरकोळ ठरतं, पण 2 मीटरच्या पन्हळीत ते फार मोठं आहे. लहान मॉडेल करणाऱ्याने हे गणित आधीच मांडावं.

आरशावर दर चौरस मीटरला 600 वॉट थेट ऊन आणि निम्मी उष्णता पाण्यात, असा आमचा हिशोब होता. त्यानुसार 10 लिटर पाणी 30 अंशांवरून उकळायला सव्वा तासाच्या वर हवा. स्वच्छ आकाशात जवळपास तसंच झालं. ढग आला की मात्र तापमान लगेच ढासळतं, कारण पन्हळ फक्त थेट किरणच एकवटते, विखुरलेला उजेड नाही.

पाइपचं एक तोंड कायम उघडं ठेवा, वाफ कोंडली तर पाइप फुटेल. आणि पाणी वाहत नसेल तेव्हा पत्र्यावर गोणपाट टाका.