तांब्याच्या तारेवरचा हिरवा थर

मुंब्रा स्टेशनचा पूल उतरत होते, तेवढ्यात फोन वाजला. "मॅडम, अलार्म बंद पडलाय. सेक्रेटरी चाचा पैसे परत मागतायत." एवढं बोलून माझ्या वर्गातली पोरगी गप्प झाली.

मुंब्र्यातल्या कौशात आमचं छोटं केंद्र आहे. वस्तीतल्या मुलामुलींना मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते आणि हाताने केलेली वस्तू विकायलाही. १९९२-९३ च्या दंगलींनंतर मुंबई सोडून इथे आलेल्या घरांतली बरीच मुलं येतात. फोन करणाऱ्या या पोरीचं कुटुंब मूळचं महाडचं. मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजाच्या आत घरी पोचायचं, या अटीवर अब्बांनी परवानगी दिलेली.

इथे पाणी ठरावीक वेळी येतं. मोटर लावून माणसं विसरतात आणि गच्चीवरची टाकी वाहत राहते. त्यावर तिने अलार्म केला होता. टाकीच्या तोंडाशी दोन तारा सोडायच्या. पाणी दोन्हींना टेकलं की पाण्यातून बारीकसा प्रवाह बीसी ५४७ ट्रान्झिस्टरच्या बेसला मिळतो, तो स्विचसारखा चालू होतो आणि खाली वॉचमनजवळचा बझर वाजतो. शेजारच्या सोसायटीने तो ३५० रुपयांना घेतला, त्या दिवशी तिने केंद्रात सगळ्यांना खजूर वाटले होते. त्याला जेमतेम तीन आठवडे झाले होते.

आम्ही दोघी गच्चीवर गेलो. चाचा कठड्याला टेकून उभे. मी व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर तिच्या हातात दिला आणि बाजूला झाले. त्या क्षणी मी बोलले असते, तर ते गिऱ्हाईक माझं झालं असतं.

तिने तारा बाहेर ओढल्या. एक बरी होती. दुसरीचं टोक खाऊन बारीक झालेलं, त्यावर निळसर हिरवा थर. नखाने खरवडला तर भुगा पडला. "हीच प्लसची," ती म्हणाली. मग खाली फोन करून बझरचं बटण बंद करायला सांगितलं आणि पुन्हा मोजलं. तारांवर आठ व्होल्टच्या वर! बटण फक्त बझरच्या वाटेवर होतं. आवाज बंद व्हायचा, पण टाकी भरलेली असेपर्यंत पाण्यातून प्रवाह चालूच, आणि प्लसकडचं तांबं विरघळत राहिलेलं. वर्गात मी इलेक्ट्रोलिसिस फळ्यावर शिकवलं होतं; ते तिला इथे दिसलं.

"चाचा, चूक माझी आहे," ती सरळ म्हणाली. "आज दुरुस्त करून देते, पैसे नको." तारांच्या टोकांना स्टीलचे स्क्रू लावले. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडून अडॅप्टरचा पॉइंट मोटरच्या स्विचवर घेतला, म्हणजे मोटर चालू असेल तेवढाच वेळ अलार्मला वीज. टाकी भरली, बझर वाजला, वॉचमनने मोटर बंद केली. सगळं शांत.

चाचा थोडे घुटमळले. "बी विंगलाही एक लागेल. तेवढ्यातच ना?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिला जिन्यात नेऊन वही काढायला लावली. अडॅप्टर १२०, बझर ४०, वीस मीटर तार १००, डबा ३०, बाकी सुटं १५. एकूण ३०५. म्हणजे तिला सुटले होते ४५ रुपये, आणि त्यात तीन तास सोल्डरिंग, गच्चीवर दोन खेपा. स्वतःच्या वेळेचा रकाना वहीत नव्हताच. आमच्याकडच्या मुलींच्या वह्यांत तो कधीच नसतो; घरातलं काम कुणी मोजलेलं त्यांनी पाहिलेलं नाही.

वर येऊन ती म्हणाली, "साडेसहाशे, चाचा. सहा महिन्यांत बिघडला तर फुकट येईन." चाचांनी महाग म्हणून बघितलं. तिने वही पुढे केली. त्यांनी एकेक ओळ बोटाने वाचली, खाली पडलेल्या हिरव्या भुग्याकडे पाहिलं आणि पावती मागितली.

(उद्यम, म्हणजे लहान धंद्याची सरकारी नोंदणी, आता करूनच घेते तिची. सरकारी पोर्टलवर तिला फी नाही. बाहेर मात्र तिच्या भावाकडे पैसे मागितले होते.)

टाकीच्या झाकणावर वही ठेवून तिने पावती लिहिली. सामान, तार, स्क्रू. मग 'मजुरी' लिहिलं आणि पेन थांबलं. "मॅडम, इथे अब्बांचं नाव टाकू?"

"काम कुणी केलं?"

तिने आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढे ३०० चा आकडा घातला.