चर्चच्या हॉलमध्ये माथेरानची गाडी

इंग्लंडमधल्या नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेची मॉडेलं करणाऱ्यांचं प्रदर्शन म्हणजे चर्चचा हॉल, घरगुती केक आणि कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या इंजिनांचा बाजार. निम्मे लोक त्या टेबलासाठीच येतात, खोटं कशाला बोला!

यंदा मी नेरळ-माथेरान लाइनचा जुम्मापट्टी स्टेशनचा तुकडा मांडला. प्रमाण १:७६. खऱ्या लाइनचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, दोन फूट; हिशोबाने मॉडेलचा गेज ८ मिलिमीटर हवा. पण एन गेज या छोट्या मॉडेल रेल्वेचे ९ मिलिमीटरचे रूळ आणि चाकं तयार मिळतात, म्हणून बहुतेक जण तेच वापरतात. एवढी लबाडी आमच्यात चालते. लाल मातीसाठी विटेची पूड चहाच्या गाळणीतून चाळली. बायकोने नवी गाळणी आणली.

१९०७ साली सुरू झालेल्या या लाइनची वळणं इतकी घट्ट, की ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कंपनीच्या वाफेच्या इंजिनांना वळणावर बाजूला सरकणारे चाकांचे आस द्यावे लागले. माझ्या इंजिनाला ते नाहीत, त्यामुळे ते वळणावर कुरकुरतं.

लेकीकडे आलेल्या डोंबिवलीच्या एक आजी बराच वेळ वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "अहो, सगळं झकास आहे, पण वडेवाला कुठाय?"

बरोबर आहे त्यांचं. पुढच्या गेट-टुगेदरपर्यंत तो करतोय. उंची जेमतेम दोन सेंटिमीटर, त्यात टोपली कशी बसवायची ते बघू.