तुम्ही विचारलंत म्हणून: सेंट किल्डा यंदा कुठवर जाईल?

मेलबर्नमधली मराठी मंडळी मार्च लागला की ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधल्या (AFL) सेंट किल्डा क्लबबद्दल, म्हणजे 'सेंट्स'बद्दल, हमखास विचारतात, "तुमचे सेंट्स यंदा तरी काही करणार का?" २०२६ च्या हंगामाच्या तोंडावर माझं उत्तर असं: १२ ते १३ विजय, पहिल्या दहात जागा, प्रीमियरशिप (विजेतेपद) नाही. हा आकडा कुठून आला, ते सांगतो.

आधी थोडी पार्श्वभूमी. या क्लबची प्रीमियरशिप एकच, १९६६ ची, कॉलिंगवुडवर एका गुणानं मिळवलेली. २००९ ची ग्रँड फायनल (अंतिम सामना) जीलाँगकडे १२ गुणांनी गेली. २०१० ची कॉलिंगवुडबरोबर ६८-६८ अशी बरोबरीत सुटली आणि आठवड्यानं पुन्हा खेळवली तेव्हा ५६ गुणांनी गेली. त्यानंतर आजवर फायनल्समधला (साखळीनंतरच्या फेऱ्यांतला) विजय एकच, २०२० मध्ये वेस्टर्न बुलडॉग्जवर, तोही ३ गुणांनी. त्यामुळे "यंदा तरी" हा सूर मी समजू शकतो.

रॉस लायन २०२३ मध्ये प्रशिक्षक म्हणून परत आले. त्या वर्षी १३ विजय आणि सहावा क्रमांक, २०२४ मध्ये ११ विजय आणि बारावा, २०२५ मध्ये ९ विजय आणि पुन्हा बारावा. घसरण सरळ दिसते. पण २०२५ च्या लॅडरवर (गुणतक्त्यात) दहावा आलेला सिडनी १२ विजयांवर होता, म्हणजे अंतर तीन विजयांचं. आणि २०२६ पासून दहाव्या क्रमांकाला किंमत आली आहे: सातवा विरुद्ध दहावा आणि आठवा विरुद्ध नववा असे वाइल्डकार्ड सामने होऊन दोन संघ पुढे जातील. जुन्या पद्धतीत पहिले आठच फायनल्सला जात, त्यामुळे हे गणित फार कठीण होतं. २०२५ मध्ये बुलडॉग्ज १४ सामने जिंकूनही नववे राहिले आणि घरी बसले.

आता खेळाडू. प्रत्येक क्लबला सॅलरी कॅप (खेळाडूंच्या एकूण पगाराची मर्यादा) सारखाच असतो आणि त्याच्या किमान ९५ टक्के रक्कम खर्च करावीच लागते, त्यामुळे केवळ श्रीमंतीच्या जोरावर संघ बांधता येत नाही. सेंट्सनी कॅपमध्ये जागा राखली आणि २०२५ च्या अखेरीस ती एकदम वापरली. कार्लटनकडून टॉम डी कोनिंग आणि जॅक सिल्वानी, गोल्ड कोस्टकडून सॅम फ्लँडर्स, वेस्ट कोस्टकडून लियाम रायन. गेला तो कर्णधार जॅक स्टील, मेलबर्नकडे. चौघांतला कुठला माणूस कुठली भेग बुजवतो, हे पाहायला हवं. २०२४ च्या अखेरीस जॉश बॅटल फ्री एजंट (करार संपून मोकळा झालेला खेळाडू) म्हणून हॉथॉर्नला गेला, तेव्हापासून बचावात कॅलम विल्कीला जोडीदार नव्हता. सिल्वानी मुळात फॉरवर्ड, पण २०२५ मध्ये कार्लटननं त्याला मागे खेळवलं आणि तो तिथे रुजला. माझ्या मते चौघांत सर्वांत उपयोगी खरेदी हीच, मथळे जरी डी कोनिंगचे झाले असले तरी. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) आठव्या पिकवर टोबी ट्रावालिया आला आणि दहाव्यावर अॅलिक्स टाउरू. हे दोघंही बचावाकडचेच, पण कोवळे आहेत. सिल्वानीमुळे त्यांच्यावरचा भार हलका होईल.

डी कोनिंगचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. तो रकमन (वर उडालेला चेंडू आपल्या खेळाडूंकडे तडकावणारा उंच खेळाडू), आणि क्लबकडे रोवन मार्शल हा पहिल्या प्रतीचा रकमन आधीच आहे. मार्शलला जीलाँगला जायचं होतं, क्लबनं सोडलं नाही. दोन रकमन एकत्र खेळवण्यात नेहमीची अडचण अशी: एक मधे असतो तेव्हा दुसरा फॉरवर्डमध्ये उभा राहतो, आणि चेंडू जमिनीवर पडला की उंच माणूस वळेपर्यंत विरोधी संघ तो घेऊन पळालेला असतो. फॉरवर्डमध्ये त्यानं मार्क (किकचे हवेतले झेल) घेतले नाहीत, तर आपला एक खेळाडू फुकट गेला असं समजा. मात्र २०२६ चे नवे नियम इथे मदतीला येतात. सब (एकदाच उतरवता येणारा बदली खेळाडू) रद्द होऊन बेंचवर पाच इंटरचेंज (पुन्हा पुन्हा आत-बाहेर करता येणारे) खेळाडू आले, म्हणजे दोघांना आलटून पालटून विश्रांती देणं सोपं झालं. सेंटर बाउन्स (मधोमध चेंडू जमिनीवर आपटून खेळ सुरू करणं) जाऊन पंच चेंडू वर फेकणार, आणि रकमनला मधली रेषा ओलांडून समोरच्याला आधीच रेटता येणार नाही. वजन टाकून ढकलणाऱ्यापेक्षा उडी मारणाऱ्याचा यात फायदा आहे. डी कोनिंग उडी मारणारा आहे.

याच नियमांतला आणखी एक बदल सेंट्सना जाच करू शकतो. दोन्ही बाजूंना गोलपासून पन्नास मीटरवर आखलेल्या कमानींच्या मधल्या पट्ट्यात चेंडू किक किंवा हँडबॉलनं (मुठीनं मारून) थेट सीमेबाहेर गेला, तर ज्यानं शेवटचा खेळला त्याच्याविरुद्ध फ्री किक. लायन यांचा पिंड सावध. अडचणीत आलं की सीमेलगत लांब किक मारायची आणि थ्रो-इन (पंचानं सीमेवरून चेंडू आत फेकणं) मिळवून बचाव पुन्हा मांडायचा, ही सवय आता महागात पडेल. उपाय एकच, मागून बाहेर पडताना अचूक पायाचे खेळाडू हवेत. जॅक सिंक्लेअर तसा आहे. नसाया वांगनीन-मिलेरा त्याहून सरस, पण त्याला २०२५ मध्ये हाफबॅकवरून (बचावाच्या पुढच्या रांगेतून) मिडफील्डमध्ये आणलं आणि तिथेच तो लीगमधल्या मोजक्या खेळाडूंत जाऊन बसला. त्याला परत मागे नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. फ्लँडर्स आल्यामुळे ती वेळ येऊ नये. फ्लँडर्स हाफबॅकवरही खेळतो आणि मधेही.

वांगनीन-मिलेरा काय आहे, हे ज्यांना एका प्रसंगातून समजून घ्यायचं आहे त्यांनी २७ जुलै २०२५ चा मेलबर्नविरुद्धचा सामना शेवटच्या क्वार्टरपासून पाहावा. तीन क्वार्टर संपले तेव्हा सेंट्स ४६ गुणांनी मागे. एवढी पिछाडी शेवटच्या क्वार्टरमध्ये याआधी कुणीही भरून काढली नव्हती. काही सेकंद उरलेले असताना त्यानं सहा गुणांचा गोल करून बरोबरी साधली. चेंडू मधोमध परत आला. इथे सहा-सहा-सहा हा नियम असतो: मधोमध खेळ सुरू होताना प्रत्येक संघाचे दोन्ही कमानींच्या आत आणि मधे सहा-सहा खेळाडू उभे हवेत. तेव्हा पहिल्या चुकीला ताकीद मिळे, दुसरीला फ्री किक. मेलबर्नला ताकीद आधीच मिळालेली होती आणि रांग पुन्हा चुकली. फ्री किक मार्शलला. त्यानं पुढे मारलेली किक वांगनीन-मिलेरानं मार्क केली आणि सायरन वाजल्यावर गोल मारला. सहा गुणांनी विजय. त्या सायरनची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो.

पण मुळात ४६ गुणांनी मागे का पडलो, हेही विचारायला हवं. या संघाचं खरं दुखणं पुढच्या पन्नास मीटरमध्ये आहे. मॅक्स किंगनं २०२२ मध्ये ५२ गोल केले. २०२५ मध्ये गुडघ्यामुळे तो एकही सामना खेळला नाही. तो नसला की लांब किक नेमकी कुणाकडे मारायची हे ठरत नाही. विरोधी बचावपटू त्याच्यापाशी अडकून पडत नाहीत, मोकळा बचावपटू मधे येऊन चेंडू अडवतो आणि तिथूनच उलट हल्ला सुरू होतो. मिच ओवेन्स धडाडीचा आहे, पण एकटा पुरत नाही. रायनच्या उड्या प्रेक्षणीय आहेत आणि २०१८ ची प्रीमियरशिप त्याच्या गाठीला आहे. तरी तो मुख्य उंच फॉरवर्ड नव्हे. म्हणून माझ्या अंदाजात किंगचे किमान १५ सामने धरले आहेत. तो नसेल तर १२ चे १० करा.

वेळापत्रकाचीही थोडी खोच आहे. १८ संघ, २३ सामने, म्हणजे सहा संघांशी दोनदा गाठ. दुहेरी गाठी ठरवताना आदल्या वर्षीच्या लॅडरचे सहा-सहाचे तीन गट धरतात. बारावा क्रमांक मधल्या गटाचा शेवटचा. पोर्ट अॅडलेडचेही ९ विजय होते, पण परसेंटेजमध्ये (केलेल्या आणि दिलेल्या गुणांच्या प्रमाणात) मागे पडून ते तेरावे, खालच्या गटात गेले, म्हणजे सेंट्सची सोपी वाट एका जागेनं हुकली.

हंगाम सुरू झाल्यावर पहिले सहा सामने विजयांपेक्षा परसेंटेज बघा. परसेंटेज म्हणजे केलेले गुण भागिले दिलेले गुण गुणिले शंभर. ते शंभरच्या वर असेल आणि विजय तीनच असतील, तरी संघ ठीक आहे. चार विजय आणि परसेंटेज ९० असेल तर ते निसटते विजय आहेत, पुढे उतरती कळा लागते. दुसरं, इनसाइड फिफ्टी (विरोधी गोलसमोरच्या कमानीत चेंडू नेणं) किती झाले आणि त्यातून गुण किती वेळा मिळाले. दोनपैकी एका वेळी काहीतरी हाती लागलं तर उत्तम, दर पाचात दोनवर घसरलं तर रोग जुनाच आहे.

लवकर फायनल्स गाठण्याची घाई एवढ्यासाठी की वांगनीन-मिलेराचा करार फक्त दोन वर्षांचा आहे, २०२७ अखेरपर्यंत. २०२८ मध्ये टास्मानियाचा नवा संघ येतो आणि त्यालाही मोठी नावं हवी आहेत. वांगनीन-मिलेराला इथे राहावंसं वाटायचं असेल तर या दोन हंगामांत फायनल्समध्ये खेळावंच लागेल, आणि २०२६ चं वाइल्डकार्ड हे त्यातलं पहिलं पाऊल म्हणून मला पुरेसं आहे.